मिक्सर, इंटरफेस आणि ट्रॅकची टंचाई

ध्वनिमुद्रणातला पहिला मिक्सर म्हणजे खोलीची फरशी. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीची यंत्रं घेऊन कलकत्त्यात आला आणि हॉटेलच्या खोलीत त्याने गौहर जान यांचं गाणं मेणाच्या तबकडीवर घेतलं, तेव्हा मायक्रोफोन नावाची वस्तू त्या कामात नव्हतीच. एक लांब कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई, एवढाच सरंजाम. आवाज ठसठशीत हवा असेल तर गाणाऱ्याने कर्ण्यात जवळजवळ तोंड घालायचं, तार सप्तकात गेलं की मान मागे घ्यायची. साथीदारांपैकी कोण किती पुढे आणि कोण किती मागे, यावर गाण्याचा तोल ठरायचा. सुई मेणात उतरली की दुरुस्तीला जागा नाही. आजही घरी गायक आणि हार्मोनिअम एकत्र मुद्रित करायचं असलं की मी आधी दोघांच्या जागा बदलून ऐकते. बटणांना हात नंतर.

१९२५ साली व्हिक्टर आणि कोलंबिया या अमेरिकन कंपन्यांनी विजेवर चालणारी मुद्रणपद्धत घेतली आणि चित्र पालटलं. मायक्रोफोन आला, त्याचा क्षीण प्रवाह वाढवणारा अॅम्प्लिफायर आला. एकाऐवजी तीन-चार माइक लावता यायला लागले. पण तबकडी कोरणारी सुई एकच होती. चार वाटांनी आलेला आवाज एकाच खाचेत जायचा, म्हणून मध्ये एक पेटी बसवावी लागली. प्रत्येक माइकला एक गोल बटण, आणि सगळ्यांची बेरीज होऊन बाहेर पडणारी एक तार. रेडिओने आणि बोलपटाने ही पेटी वाढवत नेली. गोल बटणांच्या जागी वर-खाली सरकणारे फेडर आणण्याचं श्रेय अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाउड या अभियंत्याला दिलं जातं. एका हाताने दोनच बटणं फिरवता येतात, फेडर मात्र बोटागणिक एक सरकवता येतो. मिक्सर वाजवता यायला लागला तो तेव्हापासून.

हे सगळं सांगण्यामागे माझा एक आग्रह आहे. मिक्सर टंचाईतून जन्मला. आत येणारे आवाज पुष्कळ आणि मुद्रणाची जागा एकच, म्हणून आवाज मुद्रणाआधीच एकत्र करून टाकावे लागले. घरी स्टुडिओ मांडणाऱ्यांचा पुढचा सगळा इतिहास या टंचाईशी झगडण्याचा आहे, आणि आज दुकानात उभं राहून ‘मिक्सर की इंटरफेस’ असा प्रश्न पडतो त्याचं उत्तरही तिथेच सापडतं.

आपल्याकडची मोठी कामं या टंचाईतच उभी राहिली. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ गेलं, आठवड्याला एक गाणं, एकूण ५६. तोलायचं ते सगळं आधीच तोलून घ्यायचं, नंतर गायक वेगळा आणि व्हायोलिन वेगळं काढता येत नाही, अशा काळातलं ते काम. सुधीर फडक्यांच्या आवाजातला शब्द न् शब्द वाद्यांच्या वर तरंगत राहतो, तो माइकसमोरच्या मांडणीमुळे आणि वादकांच्या संयमामुळे. चित्रपटात राजकमल कलामंदिरातले मंगेश देसाई हे मिक्सिंगमधलं मानाचं नाव. संवाद, पार्श्वसंगीत, पावलांचे आवाज अशी वेगवेगळी रिळं एकत्र चालवून एका पट्टीवर उतरवायची, तीही चित्र समोर पळत असताना. त्या पिढीची बोटं फेडरवर कशी चालायची याबद्दल ज्येष्ठांकडून मी जे ऐकलं, त्यामुळेच या कामाकडे ओढली गेले.

घरात हे सगळं पहिल्यांदा कोणी आणलं असेल तर लेस पॉल या गिटारवादकाने. १९४०च्या दशकात हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने तबकडी कोरायचं यंत्र स्वतः बनवलं. फिरत्या थाळीसाठी कॅडिलॅक मोटारीचं फ्लायव्हील वापरलं, कारण तेवढं जड आणि समतोल चाक दुसरं हाताशी नव्हतं. एक तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर गिटार वाजवायची, दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचं, मग दुसरीवरून तिसरी. १९४८ साली ‘लव्हर’ ही तबकडी निघाली ती अशी, एकटा माणूस आठ गिटारी घेऊन. पुढच्या वर्षी बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचं टेप यंत्र दिलं आणि त्यात त्याने एक जादा हेड बसवून घेतलं. आता जुना आवाज ऐकत त्याच फितीवर नवा चढवता येत होता. धोका असा, की सातव्या थराला सूर चुकला तर आधीचे सहाही गेले. हा धोका संपला १९५७ साली, अँपेक्सचं आठ ट्रॅकचं यंत्र त्याच्या न्यू जर्सीतल्या घरी आलं तेव्हा. त्याच्यासाठी रेन नार्मा या अभियंत्याने मिक्सरही घडवला. टंचाई पहिल्यांदा थोडी सैल झाली, पण ती एका श्रीमंत आणि हट्टी माणसाच्या घरात.

लंडनमध्ये जो मीक याच्याकडे तेवढा पैसा नव्हता. होलोवे रोडवर ३०४ क्रमांकाच्या इमारतीत, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानाच्या वर, भाड्याच्या जागेत त्याचा स्टुडिओ. एका खोलीत वादक, दुसरीत यंत्रं, गाणारा कधी न्हाणीघरात. १९६४ सालच्या ‘हॅव आय द राइट’मध्ये ढोलाचा ठेका भरदार व्हावा म्हणून त्याने वादकांना लाकडी जिन्यावर पाय आपटायला लावले आणि सायकलस्वार विजारीला लावतात त्या क्लिपांनी माइक कठड्याला अडकवले. त्याआधी १९६२ साली याच घरात तयार झालेलं ‘टेलस्टार’ अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. घरी केलेलं काम कच्चंच असणार, असं म्हणणाऱ्याला मी हे नाव सांगते.

सर्वसामान्य वादकापर्यंत स्टुडिओ पोहोचायला १९७९ उजाडलं. जपानच्या टीअॅक कंपनीने ‘१४४ पोर्टास्टुडिओ’ आणला. या यंत्रावर जरा थांबते, कारण त्यात जी युक्ती होती तिचं मला आजही कौतुक वाटतं. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद पट्ट्या असतात. दोन ‘अ’ बाजूच्या, दोन ‘ब’ बाजूच्या. पोर्टास्टुडिओने या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या. कॅसेट उलटवायची सोय गेली, पण चार स्वतंत्र ट्रॅक मिळाले. वेग दुप्पट केला, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, त्यामुळे आवाज सुधारला. ६० मिनिटांच्या कॅसेटवर मात्र १५ मिनिटंच मावायची. फितीची सळसळ दाबायला डॉल्बीची यंत्रणा आत बसवली. आणि याच खोक्यात, कॅसेटच्या शेजारी, चार चॅनेलचा मिक्सर. कॅसेटवर चालणारा चार ट्रॅकचा मुद्रक आणि मिक्सर एका पेटीत येण्याची ती पहिली वेळ. पाचवा आवाज हवा असेल तर तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि ते तीन मोकळे करायचे. एकत्र केलेलं मग सुटं होत नसे, त्यामुळे कोणते तीन, कोणत्या तोलाने, हे आधी ठरवावं लागे.

१९८१-८२च्या हिवाळ्यात ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या कोल्ट्‌स नेक इथल्या भाड्याच्या घरात असाच एक १४४ मांडला. श्यूर कंपनीचे दोन एसएम ५७ माइक, आणि यंत्र चालवायला एक सहकारी. बँडला दाखवण्यापुरते कच्चे नमुने करायचा विचार होता. नंतर मोठ्या स्टुडिओत सगळ्या बँडसह तीच गाणी करून पाहिली, पण घरच्या कॅसेटमधला आवाज काही तिथे आला नाही. जीन्सच्या खिशात बाळगलेली ती कॅसेटच शेवटी तबकडीसाठी पाठवली गेली आणि सप्टेंबर १९८२मध्ये ‘नेब्रास्का’ नावाने बाजारात आली. त्या अल्बमचं यश यंत्रामुळे असं मी म्हणणार नाही. पण चारच ट्रॅक असल्यामुळे पाचव्या गोष्टीचा मोह तिथे नव्हता, हे ऐकताना जाणवतं.

भारतात घरच्या स्टुडिओचं सर्वांत ठळक उदाहरण चेन्नईचं. १९८९ साली ए. आर. रेहमान यांनी घराच्या आवारात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ उभारला आणि १९९२च्या ‘रोजा’चं संगीत तिथे घडलं. यंत्रांसाठी आईने दागिने पुढे केले, हे त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. त्या काळात परदेशी मिक्सर मागवायचा म्हणजे काय, हे तेव्हा धंद्यात असलेल्यांना विचारावं. जकात जबर, परवानग्या किचकट. मी नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यात अभंगांच्या कॅसेटना हार्मोनिअमची साथ करायला जायची, तेव्हा स्टुडिओ शिफ्टवर मिळे आणि मिक्सरला हात लावायची आम्हा वादकांची छाती नव्हती. मांडवातल्या आहुजाच्या मिक्सरवर मात्र कोणीही बोट फिरवायचं. माझं पहिलं शिक्षण त्याच्यावर झालं.

मिक्सर स्वस्त आणि चांगला, दोन्ही झाला तो ग्रेग मॅकी या अमेरिकन माणसामुळे. १९८८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स गावी त्याने आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये कंपनी सुरू केली, आधी एलएम-१६०२ आणि १९९०च्या सुमारास सीआर-१६०४ हा १६ चॅनेलचा मिक्सर काढला. आवाज स्वच्छ, बांधणी लोखंडी, टेबलावर मावेल एवढा. त्याला जोड मिळाली अॅलेसिसच्या एडॅट यंत्राची. १९९१च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या प्रदर्शनात ते दाखवलं गेलं आणि पुढच्या वर्षी दुकानांत आलं. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, किंमत चार हजार डॉलरच्या आत, आणि अशी सोळा यंत्रं जोडली की १२८ ट्रॅक. ट्रॅकची टंचाई इथे संपल्यातच जमा झाली. अॅलॅनिस मॉरिसेटचा १९९५चा ‘जॅगेड लिटल पिल’ बराचसा अशाच यंत्रांवर, निर्मात्याच्या घरच्या स्टुडिओत मुद्रित झाला.

एडॅट यंत्र गेलं, त्याची जोडणी राहिली. आठ चॅनेल एका बारीक प्रकाशवाहक केबलमधून नेण्याची एडॅटची रीत आजच्या कितीतरी इंटरफेसच्या पाठीमागे चौकोनी भोकाच्या रूपात शिल्लक आहे. आज दोन माइक लागतात, उद्या आठ लागतील असं वाटणाऱ्याने हे भोक आहे का ते पाहून घ्यावं. नंतर आठ प्रीअँपची, म्हणजे माइकचा क्षीण आवाज उचलणाऱ्या अॅम्प्लिफायरची, वेगळी पेटी तिथे जोडता येते. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

मग काँप्युटर आला. डिजिडिझाइनने १९९१ साली प्रो टूल्स काढलं तेव्हा त्यात चारच ट्रॅक होते आणि किंमत सहा हजार डॉलरच्या घरात. १९९७ साली स्टाइनबर्गने एएसआयओ ही जोडणीची पद्धत आणली, तेव्हापासून साध्या काँप्युटरवर एकापेक्षा जास्त चॅनेल कमी विलंबाने आत-बाहेर नेता यायला लागले. फेडर, पॅन, इको सगळं पडद्यावर गेलं. टेबलावरच्या मिक्सरची दोनच कामं उरली: माइकचा क्षीण आवाज उचलून आत पोहोचवणं, आणि वाजवणाऱ्याला कानात स्वतःचा आवाज देणं. नेमकी ही दोन कामं उचलून छोट्या पेटीत भरली, तो इंटरफेस. डिजिडिझाइनच्या एमबॉक्स या इंटरफेसच्या पहिल्या आवृत्तीवर दोन माइक-जोडण्या होत्या, त्यांचे प्रीअँप फोकसराइटचे होते, आणि पुढच्या बाजूला एक बटण होतं: एका टोकाला माइकचा थेट आवाज, दुसऱ्या टोकाला काँप्युटरचा. सगळ्या मिक्सरमधून एवढं एकच बटण वाचलं होतं, आणि ते का वाचलं हे गाणाऱ्याला लगेच कळतं.

काँप्युटर आवाजाचे तुकडे गोळा करून काम करतो. २५६ नमुन्यांचा एक तुकडा धरला, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने तो भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात. जाताना एक, येताना एक, वर यंत्राचा स्वतःचा वेळ. बारा मिलिसेकंदांत आवाज हवेतून चार मीटर जातो. म्हणजे आपलाच आवाज आपल्याला चार मीटरवरून ऐकू येतो. बोलणाऱ्याला ते चालून जातं. तबलजी मात्र तिरकिट वाजवता वाजवता हात थांबवतो आणि म्हणतो, “ताई, कानात काहीतरी ओढल्यासारखं होतंय.” अशा वेळी आवाज काँप्युटरपर्यंत जाण्याआधीच हेडफोनकडे वळवणारं ते बटण लागतं. काही महागड्या इंटरफेसमध्ये त्याच्या जागी अख्खा मिक्सरच चिपवर बसवलेला असतो आणि प्रत्येक वादकाला वेगळा हेडफोन-तोल देता येतो. घेताना चॅनेल किती यापेक्षा हे मी आधी विचारते.

दुसरी चौकशी प्रीअँपची. मी घरी जे मुद्रित करते त्यात तानपुरा असतो. तानपुऱ्याचा आवाज माइकपाशी इतका हळू असतो, की गेन, म्हणजे प्रीअँपने आवाज वाढवण्याचं प्रमाण, ५०-५५ डेसिबेलपर्यंत न्यावा लागतो, आणि तिथे प्रीअँपचं खरं रूप उघडं पडतं. स्वस्त मिक्सरवर खर्जाच्या तारेखाली भुरभुर पावसासारखी सळसळ ऐकू येते. तपशीलपत्रात ही सळसळ मोजणारा ‘ईआयएन’ नावाचा एक आकडा असतो. उणे १२८ डीबीयूच्या आसपास असेल तर निर्धास्त राहावं, कारण माइकच्या स्वतःच्या रोधातून निर्माण होणारी सळसळच जवळपास तिथे असते, त्याखाली कोणालाच जाता येत नाही. तबल्याचं उलट. तिथे गेन थोडा, आणि डग्ग्याच्या थापेला दिवा लाल होणार नाही एवढी वर जागा. फितीच्या काळात सळसळ झाकायला काटा लाल रेघेपर्यंत न्यायची सवय होती. २४ बिटांच्या मुद्रणात त्याची गरज नाही. सर्वांत जोरकस थाप उणे १२ वर ठेवली तरी आवाजाचं काही बिघडत नाही, आणि रंगात आलेल्या वादकाला मोकळीक राहते.

इंटरफेसवर ‘४८ व्होल्ट’ असं लिहिलेलं बटण असतं, त्याची कथा नॉर्वेची आहे. १९६६ साली बर्लिनच्या नॉइमन कंपनीचे ट्रान्झिस्टरवाले माइक नॉर्वेच्या नभोवाणीला हवे होते, आणि माइकला वीज त्याच्या केबलमधूनच मिळावी अशी त्यांची अट होती. त्यांच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच वापरायचं ठरलं. आज माझ्या टेबलावर कंडेन्सर माइकला जाणारे ४८ व्होल्ट त्या दिव्यांचे आहेत, हे शिकवताना मी मुद्दाम सांगते. मुलं तो आकडा मग विसरत नाहीत.

माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी मागच्या वर्षी आईवडिलांबरोबर यूएसबी मिक्सर घ्यायला निघाली होती. आठ चॅनेल, रंगीत दिवे, किंमत इंटरफेसएवढीच. “ताई, यात दोन्ही आलं ना?” तिला मी एकच गोष्ट पाहून यायला सांगितली: यूएसबीतून काँप्युटरकडे किती चॅनेल सुटे जातात. बऱ्याच स्वस्त यूएसबी मिक्सरमधून डावं-उजवं मिळून दोनच जातात. समोर आठ जण गायले तरी आत पोहोचतो तो एकत्र झालेला आवाज. म्हणजे १९२५ची ती एक खाचच. थेट प्रक्षेपणाला किंवा प्रवचनाला एवढं पुरतं. पण नंतर गायक वर आणि संवादिनी खाली करायची असेल तर नाही पुरत. ती परत आली ती दोन प्रीअँपचा इंटरफेस घेऊन, आणि उरलेल्या पैशांतून आम्ही तिच्या खोलीत सोलापुरी चादरी आणि जाड गोधड्या टांगल्या. रस्त्यावरची रिक्षा कोणत्याच प्रीअँपने थांबत नाही.

मिक्सर मात्र संपलेला नाही. २०१८ साली टॅस्कॅमने, म्हणजे पोर्टास्टुडिओवाल्या टीअॅकच्याच शाखेने, मॉडेल २४ काढला. समोर खरे फेडर, आत एसडी कार्डावर २४ ट्रॅक, आणि यूएसबीतून प्रत्येक चॅनेल सुटा. भजनी मंडळाचं मुद्रण करायचं तर मी असाच मिक्सर मागून घेते. बारा-पंधरा टाळकरी, दोन पखवाज, एक विणेकरी, सगळे एकाच सभामंडपात. माउस धरून बसायला तिथे सवड नसते. कोरस चढला की पखवाजाचा फेडर बोटाने खाली येतो आणि विणेकऱ्याचा वर जातो. सुटे ट्रॅक कार्डावर असतातच, घरी येऊन पुन्हा तोलता येतात. तरी मंडळाच्या बुवांना मी तिथेच, त्याच वेळी बोटांनी केलेला तोल पाठवते. त्यांना तोच आवडतो, आणि बहुतेक वेळा मलाही.